मुकी जोखीम, बोलकी जोखीम

प्रस्तावना

निवृत्तीचा पैसा खात्यावर जमा झाला, की महिन्याभरात घरी माणसांची ये-जा वाढते. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी असोत, एस.टी.चे वाहक असोत की वीज कंपनीतले वायरमन; भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे मिळून जी रक्कम येते, ती बहुतेकांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदाच एकगठ्ठा आलेली असते. बँकेचे शाखाधिकारी स्वतः फोन करतात. पतसंस्थेचा पिग्मी एजंट इतकी वर्षे दारातूनच पैसे घेऊन पावती देत आलेला असतो. आता तो आत येऊन बसतो, चहा घेतो आणि म्हणतो, "काका, आपल्याकडे दर दोन टक्के जास्त आहे." विमावाले येतात. पुण्याला नोकरी करणारा भाचा मोबाइल पुढे करून डीमॅट खाते उघडून देतो म्हणतो. आणि घरातली बाई, जिने तीस वर्षे पगारातून शिल्लक काढली, ती म्हणते, "पोस्टात टाका आणि मोकळे व्हा."

या सगळ्यांच्या म्हणण्यात थोडेथोडे तथ्य असते, म्हणूनच माणूस गोंधळतो. मग तो दोन प्रश्न विचारतो आणि बहुधा एका दमात विचारतो. बँक बुडणार तर नाही ना? आणि बाजार पडला तर काय? हे पुस्तक या दोन प्रश्नांतून उभे राहिले आहे. तालुक्याच्या गावांमध्ये, वाचनालयांत आणि ज्येष्ठ नागरिक संघांत बोलताना ते इतक्यांदा ऐकले, की त्यांची उत्तरे एका जागी नीट लिहून ठेवणे हे काम आहे असे वाटू लागले.

हे प्रश्न एका दमात विचारले जातात याचे कारण दोन्हींच्या मागची भीती एकच असते: साठवलेले जाईल. पण पैसा जाण्याच्या या दोन वाटा अगदी वेगळ्या आहेत. बाजारातली जोखीम बोलकी असते. सोमवार ते शुक्रवार, सकाळी सव्वानऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत, ती आपला भाव सांगत राहते. आज तुमचे लाखाचे अठ्ठ्याण्णव हजार झाले, हे ती लपवत नाही. ठेवीतली जोखीम मुकी असते. पासबुकावर व्याज पडत राहते, पावतीचे नूतनीकरण होत राहते, आणि आत काय चालले आहे याचा एक शब्द बाहेर येत नाही. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या, म्हणजे पीएमसीच्या, ठेवीदारांचे पासबुक जे सांगत होते, तेच ते दुसऱ्या दिवशीही सांगत होते. फक्त २४ तारखेला कळले की सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपयेच काढता येतील. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली, पण त्या पहिल्या आकड्याने मुंबईतल्या हजारो घरांत जे केले ते भरून आले नाही. लोकांच्या शस्त्रक्रिया होत्या, मुलींची लग्ने होती, गृहनिर्माण संस्थांचे दुरुस्ती निधी होते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की आपण बोलक्या जोखमीला फार घाबरतो आणि मुक्या जोखमीकडे पाहतच नाही. निर्देशांक हजार अंशांनी कोसळला की रात्रीच्या बातम्यांत लाल बाण पाहून झोप उडते. पण ज्या संस्थेत आयुष्याची पुंजी ठेवली, तिच्या संचालकांची नावे, तिने कर्जे कुणाला दिली, तिची थकबाकी किती, ठेवीला विमा आहे की नाही, हे विचारायचे सुचत नाही. या पुस्तकाचा निम्मा भाग त्या न विचारलेल्या प्रश्नांचा आहे.

हे लिहिताना एक काळजी मनात आहे, ती आधीच सांगतो. सहकारी बँकांना नावे ठेवण्यासाठी हे पुस्तक लिहिलेले नाही. हिंदुस्थानात नागरी सहकारी पतपेढीची सुरुवातच मराठी माणसांनी केली. १८८९ साली, सहकाराचा कायदाही नव्हता तेव्हा, सयाजीरावांच्या बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली. कायदा आला १९०४ साली. १९०६ मध्ये मुंबईत शामराव विठ्ठल आणि पुण्यात कॉसमॉस, १९१८ मध्ये गिरगावात सारस्वत या बँका निघाल्या. ज्या माणसाला त्या काळच्या मोठ्या बँका दारातही उभे करत नव्हत्या, त्या कारकुनाला, छोट्या दुकानदाराला आणि शिंप्याला या संस्थांनी कर्ज दिले, ते त्याच्या शब्दावर आणि दोन जामीनदारांच्या सहीवर. आजही इचलकरंजीतल्या यंत्रमागवाल्याला सुताचा भाव आणि हंगाम समजणारा शाखाधिकारी हवा असतो. तो त्याला गावच्या बँकेत भेटतो, दर तीन वर्षांनी बदलून येणाऱ्या परप्रांतीय व्यवस्थापकात क्वचित. हे मोल खरे आहे. म्हणूनच या बँका नीट चालाव्यात अशी आच आहे, आणि त्यांचे सभासद जागे असल्याखेरीज त्या नीट चालणार नाहीत.

आता पर्यायांविषयी. गावात 'बँक' म्हणून ज्या पाट्या दिसतात त्यांच्या मागे तीन-चार वेगवेगळे कायदे उभे असतात, आणि ग्राहकाला हे कुणी सांगत नाही. राष्ट्रीयीकृत बँका, खासगी बँका, स्मॉल फायनान्स बँका, ग्रामीण बँका, जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँका यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण असते आणि त्यांच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. पतसंस्थेला यातले काहीच नसते. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली असते, तिच्यावर सहकार खात्याची देखरेख असते, आणि ठेव विमा तिला लागू नाही. 'मल्टिस्टेट' हा शब्द पाटीवर वाचला की अनेकांना ती संस्था अधिक मोठी आणि अधिक सुरक्षित वाटते. खरे तर मल्टिस्टेट पतसंस्था केंद्रीय निबंधकाच्या अखत्यारीत जाते, म्हणजे जिल्ह्याच्या उपनिबंधकाच्या दारात तक्रार घेऊन जाण्याची सोयही उरत नाही. जळगावच्या बीएचआर आणि बीडच्या ज्ञानराधा या मल्टिस्टेट पतसंस्थांच्या ठेवीदारांना हा फरक ठेवी अडकल्यावर कळला. पोस्टाची गोष्ट निराळी. तिथल्या अल्पबचतीमागे थेट भारत सरकार आहे, तिथे ठेव विम्याची पाच लाखांची वगैरे मर्यादाच लागू होत नाही. योजनेगणिक गुंतवणुकीची कमाल मर्यादा मात्र असते.

ठेव विम्याबद्दल जरा थांबून सांगायला हवे, कारण त्याच्याइतके गैरसमज दुसऱ्या कशाबद्दल नाहीत. १९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, तेव्हा सरकारला जाग आली आणि १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हाची मर्यादा होती दीड हजार रुपये. १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि तिथेच तब्बल सत्तावीस वर्षे थांबली. पीएमसी अडकली तेव्हाही विमा एक लाखाचाच होता. त्यानंतर काही महिन्यांत, ४ फेब्रुवारी २०२० पासून, तो पाच लाख झाला. हे पाच लाख एका माणसाला एका बँकेत मिळतात. एकाच बँकेच्या सांगली, मिरज आणि जयसिंगपूर शाखांत पाच-पाच लाख ठेवले तर पंधरा लाखांचा विमा होत नाही. तिन्ही मिळून पाचच. त्यात व्याजही धरलेले असते. मुद्दल चार लाख नव्वद हजार आणि साठलेले व्याज तीस हजार असेल तर वरचे वीस हजार विम्याच्या बाहेर. पतीच्या एकट्याच्या नावावरची ठेव आणि पती-पत्नीच्या जोडनावावरची ठेव मात्र वेगळ्या धरल्या जातात. बँकेचे कर्ज असेल तर ते वळते होऊ शकते. आणि सहकारी बँकेत कर्ज घेताना किंवा सभासद होताना जे शेअर घ्यावे लागतात, ती रक्कम ठेव नव्हेच. तिला विमा नाही.

ठेव विम्याच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने आणखी एक चांगली गोष्ट झाली. पूर्वी बँकेचा परवाना रद्द होऊन अवसायक नेमला जाईपर्यंत विम्याचा पैसा मिळत नसे. १९१२ साली पुण्यात स्थापन झालेल्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला सप्टेंबर २०२२ मध्ये. मधली साडेनऊ वर्षे ठेवीदारांनी मोर्चे, निवेदने आणि न्यायालये यांत काढली. त्यातले किती जण पैसे हाती येण्याआधीच गेले याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. आता निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा पाच लाखांपर्यंतचे ठेवीदार तीन महिन्यांत मोकळे होऊ लागले आणि ऑगस्टमध्ये ती बँक सारस्वतमध्ये विलीन झाली. ज्यांनी रुपीची साडेनऊ वर्षे पाहिली, त्यांना या नव्वद दिवसांची किंमत कळेल.

मुक्या जोखमीला बोलते करण्याचे एक साधन प्रत्येक सभासदाच्या घरी दरवर्षी येते आणि बहुधा रद्दीत जाते. ते म्हणजे वार्षिक अहवाल. पहिल्या पानांवर संस्थापकांचे छायाचित्र, मग अध्यक्षांचे मनोगत, सत्कारांचे फोटो, शाखांची उद्घाटने. बहुतेक जण इथेच थांबतात. खरा मजकूर मागे, बारीक टाइपात असतो. ताळेबंदाची डावी बाजू घ्या: भाग भांडवल, राखीव व इतर निधी, ठेवी. उजवी बाजू: रोख व बँकांतील शिल्लक, गुंतवणूक, कर्जे, येणे व्याज, इतर येणी. मी आधी 'येणे व्याज' पाहतो. कर्जे दहा टक्क्यांनी वाढली आणि येणे व्याज दुप्पट झाले, तर याचा अर्थ उत्पन्न कागदावर दाखवले आहे पण कर्जदाराने ते भरलेले नाही. मग 'इतर येणी'. ही ओळ अचानक फुगली असेल तर तिच्यात काय आहे हे विचारायलाच हवे. मग निव्वळ एनपीए, म्हणजे तरतूद वजा करून उरलेले थकीत कर्ज. ते तीन टक्क्यांच्या आत असणे हा रिझर्व्ह बँकेचा चांगल्या नागरी बँकेसाठीचा एक निकष आहे. शेवटी लेखापरीक्षकांचा अहवाल. त्यात 'वर्ग अ' एवढेच वाचून मिटू नये. खालच्या शेऱ्यांत त्यांनी काय नोंदवून ठेवले आहे ते वाचावे. एखाद्या वर्षी लेखापरीक्षक मुदतीआधी बदललेले दिसले, तर का बदलले हे सभेत विचारावे.

पण हे सांगून मी खोटा दिलासा देणार नाही. पीएमसीच्या मार्च २०१९ अखेरच्या आकड्यांत ढोबळ थकबाकी चार टक्क्यांच्याही आत दाखवलेली होती. प्रत्यक्षात कर्जांचा सत्तर टक्क्यांहून मोठा हिस्सा एचडीआयएल या एका बांधकाम समूहात गुंतलेला होता आणि तो लपवण्यासाठी हजारो बनावट खाती तयार केलेली होती. न्यू इंडियाच्या बाबतीत, पोलिसांत गेलेल्या तक्रारीनुसार, प्रभादेवी आणि गोरेगावच्या तिजोऱ्यांतली १२२ कोटींची रोकड वहीत होती, तिजोरीत नव्हती. म्हणजे ताळेबंदातल्या सगळ्यांत साध्या ओळीवरही, 'हाती रोख' या ओळीवरही, विसंबता येऊ नये अशी वेळ आली. म्हणून अहवाल वाचावाच, आणि वाचूनही एका सहकारी बँकेत विम्याच्या मर्यादेपलीकडे ठेव ठेवू नये. पाव-अर्धा टक्का जास्त व्याज ही त्या धोक्याची भरपाई नव्हे.

आता बाजाराकडे वळू. बाजार का पडतो याची कारणे दरवेळी नवी सांगितली जातात आणि ती बहुतेक खरीही असतात. कंपन्यांच्या नफ्यापेक्षा भाव फार पुढे गेलेले असतात, परदेशी संस्था पैसा काढून घेतात, युद्ध होते, साथ येते, निवडणुकीचा निकाल अंदाजाबाहेर जातो. ४ जून २०२४ रोजी लोकसभेची मतमोजणी चालू असताना सेन्सेक्स सुमारे चार हजार चारशे अंशांनी खाली बंद झाला आणि आठवडाभरात ती घसरण भरूनही निघाली. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस तो ८६ हजारांच्या अगदी जवळ पोहोचला होता. पुढच्या मार्चमध्ये ७३ हजारांच्या खाली आला. अशा पडझडींनी माणसे हैराण होतात. पण घसरण किती झाली यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: पडणाऱ्या भावांमागे उसना पैसा किती होता आणि तो कुठून आला होता? जुन्या पडझडी वाचताना माझे मन या प्रश्नावर येऊन थांबते.

मुंबईची पहिली मोठी पडझड पाहा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर आल्या. शहरात पैशाचा पूर आला. रोज नवी कंपनी, नवी बँक. बॅक बेचा समुद्र भरून जमीन काढायच्या कंपनीचा शेअर दर्शनी किमतीच्या कित्येक पटींना विकला जाऊ लागला, आणि जमीन अजून पाण्याखालीच होती. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे राजे. त्यांच्या वजनाखाली बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण घेऊन, कधी नुसत्या सहीवर, कर्जे वाटली. ही बँक सरकारचे भांडवल असलेली होती, लोकांच्या दृष्टीने सगळ्यांत भक्कम. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेकडच्या राज्यांच्या सेनापतीने, जनरल लीने, शरणागती पत्करली, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ ला वायद्यांचे पैसे देण्याची वेळ आली तेव्हा देणारेच उरले नव्हते. बाजार आधी पडला. बँक ऑफ बॉम्बे घरंगळत १८६८ पर्यंत चालली आणि गुंडाळली गेली. शेअर ज्यांनी घेतले ते तर बुडालेच; ज्यांनी आयुष्यात शेअर पाहिला नव्हता, फक्त बँकेवर विश्वास टाकला होता, त्यांनाही त्याची झळ लागली.

१९९२ मध्ये हेच दुसऱ्या कपड्यांत घडले. त्या वेळी बँका आपसांत सरकारी रोख्यांचे व्यवहार करताना रोखे प्रत्यक्ष हवाली न करता 'बँक रिसीट' नावाची पावती देत. कराडची एक लहान बँक, बँक ऑफ कराड, आणि मुंबईची मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक यांनी मागे रोखे नसताना अशा पावत्या दिल्या. त्या कोऱ्या पावत्यांवर मोठ्या बँकांनी पैसे दिले आणि तो पैसा दलालांमार्फत शेअर बाजारात गेला. या दलालांपैकी हर्षद मेहतांची कहाणी आता चित्रमालिकेमुळे घरोघर माहीत आहे. तिच्यात कृष्णाकाठच्या गावातली बँक होती हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिले. २३ एप्रिल १९९२ ला पत्रकार सुचेता दलाल यांची या घोटाळ्याची बातमी आली. २८ एप्रिलला एका दिवसात सेन्सेक्स पावणेतेरा टक्के पडला. साडेचार हजारांच्या आसपास असलेला निर्देशांक वर्षभरात निम्म्यावर आला. बँक ऑफ कराड अवसायनात गेली आणि पुढे बँक ऑफ इंडियात विलीन झाली.

तिसरा प्रसंग २००१ चा. शेअर दलाल केतन पारेख, अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल को-ऑपरेटिव्ह बँक, आणि मागे पैसा नसताना काढलेल्या पे-ऑर्डरी. १३७ कोटींच्या पे-ऑर्डरी बँक ऑफ इंडियाने वटवल्या आणि त्या परत आल्या. माधवपुराच्या दारात रांगा लागल्या. इतर अनेक नागरी सहकारी बँकांनी आपल्या ठेवी माधवपुरात ठेवलेल्या होत्या, त्याही अडकल्या. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना शेअर दलालांना कर्ज देण्यास बंदी केली, सेबीने उधारीवर सौदे पुढे ढकलण्याची 'बदला' पद्धत मोडीत काढली. पुढच्याच वर्षी नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेने होम ट्रेडसारख्या दलालांमार्फत घेतलेले सरकारी रोखे कधी हाती आलेच नाहीत, आणि विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या ठेवींच्या त्या खटल्याचा निकाल लागायला न्यायालयात २०२३ साल उजाडले.

या तिन्ही वेळी बँकेचा पैसा बाजारात शिरला होता. त्यामुळे पडझड लांबली, आणि जो माणूस बाजारात नव्हता त्यालाही तिने गाठले. एप्रिल १९९२ चा शिखराचा निर्देशांक अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्येसुद्धा, पुन्हा हाती नव्हता. मधे तो एकदोनदा ओलांडला गेला आणि पुन्हा खाली आला. याउलट मार्च २०२० पाहा. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात तेरा टक्क्यांहून अधिक पडला, सकाळी व्यवहार पंचेचाळीस मिनिटे थांबवावे लागले, बंद झाला तो २६ हजारांच्या खाली. जानेवारीत तो ४२ हजारांच्या वर होता. कारण बाहेरचे होते, बँकांच्या पोटात तेव्हा तो उसना पैसा नव्हता, आणि नोव्हेंबरमध्ये निर्देशांक पुन्हा ४२ हजारांच्या वर गेला. २००८ ची पडझड या दोन्हींच्या मधली. उसना पैसा होता, पण अमेरिकेच्या घरबाजारात. जानेवारी २००८ च्या २१ हजारांवरून मार्च २००९ मध्ये आठ हजारांवर, आणि ते शिखर पक्केपणाने मागे टाकायला २०१३ ची अखेर लागली. हा मी नियम म्हणून मांडत नाही. चारपाच उदाहरणांवरून नियम होत नाही. पण पुढच्या पडझडीत टीव्हीवर कारणांची यादी वाचली जात असेल, तेव्हा वाचकाने हा एक प्रश्न मनात ठेवावा असे मला कळकळीने वाटते.

"बाजार शेवटी वर येतोच" हे वाक्य म्हणूनच मला धोक्याचे वाटते. जपानचा निक्केई डिसेंबर १९८९ च्या शिखरावर परत आला फेब्रुवारी २०२४ मध्ये. आणि निर्देशांक वर येतो म्हणजे तुमचा शेअर वर येतो असे नाही. निर्देशांकातून नापास कंपन्या काढल्या जातात, तुमच्या डीमॅटमधून त्या कुणी काढत नाही. २००८ मध्ये युनिटेक किंवा रिलायन्स कम्युनिकेशन्स घेऊन बसलेल्याला निर्देशांकाच्या नव्या उच्चांकाचे काय करायचे?

पडझडीचा परिणाम वयावर अवलंबून असतो, हे गणिताने पटते. तिशीतला माणूस दरमहा पाच हजारांची एसआयपी करतो. युनिटचा भाव शंभर असताना त्याला पन्नास युनिट मिळतात, साठ झाला की त्र्याऐंशी. त्याच्यासाठी लांबलेल्या पडझडीची वर्षे स्वस्त खरेदीची ठरू शकतात, नोकरी टिकली तर. निवृत्त माणूस त्याच फंडातून महिन्याला आठ हजार काढतो. भाव शंभर असताना त्याचे ऐंशी युनिट विकले जातात. चाळीस झाला की दोनशे. ते विकलेले युनिट बाजार वर आल्यावर परत येत नाहीत. म्हणून पुढच्या चार-पाच वर्षांत जो पैसा लागणारच आहे, तो बाजारात असता कामा नये. तो पोस्टात आणि दोन-तीन बँकांत, विम्याच्या आत असावा. उरलेल्याला मात्र बाजाराची दारे बंद करू नयेत, कारण महागाई हीही मुकी जोखीमच आहे. ती सहा टक्क्यांनी चालली तर बारा वर्षांत रुपयाची खरेदीशक्ती निम्मी होते, आणि साठीला निवृत्त झालेल्या माणसापुढे आज अशी दोन बारा वर्षे असू शकतात.

मार्च २०२० मधलीच येस बँकेची हकिगत मी प्रत्येक भाषणात सांगतो, कारण एकाच संस्थेत तीन तऱ्हांनी पैसा ठेवणाऱ्यांचे काय होते हे तिच्यात दिसते. ५ मार्चला निर्बंध आले, पन्नास हजारांची मर्यादा आली. १८ मार्चला ती उठली आणि ठेवीदाराला पै न पै मिळाली. ज्यांचे शंभर किंवा त्याहून अधिक शेअर होते, त्यांच्या शेअरचा पाऊण हिस्सा तीन वर्षांसाठी गोठवला गेला. आणि ज्यांनी, बँक अडचणीत आली तर बुडीत काढता येतील असे, तिचे 'एटी-१' रोखे घेतले होते, त्यांचे आठ हजार कोटींहून अधिक रुपये शून्य झाले. हे रोखे वैयक्तिक गुंतवणूकदारांना, त्यांत ज्येष्ठ नागरिकही आले, मुदत ठेवीसारखे म्हणून विकले गेल्याचे सेबीच्या चौकशीत पुढे आले. बँक तीच, शाखा तीच, काउंटरपलीकडचा चेहराही तोच. फरक फक्त सही केलेल्या कागदात होता.

फ्युचर्स आणि ऑप्शन्सवर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना त्यांत तोटा झाला आणि एकूण तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींहून अधिक होता. याहून जास्त लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. घरातल्या तरुण मुलाच्या मोबाइलवर ते चालू असेल, तर हा परिच्छेद त्याला वाचायला द्यावा.

पुस्तकाची मांडणी सरळ आहे. पहिला भाग गावातल्या बँका, पतसंस्था आणि पोस्ट यांचा. दुसरा भाग बाजाराचा आणि त्याच्या पडझडींचा. व्याजदर मुद्दाम दिलेले नाहीत, ते वरचेवर बदलतात. आपल्या बँकेला ठेव विमा आहे की नाही हे ठेव विमा महामंडळाच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव शोधून पाहावे, शाखेतल्या तोंडी उत्तरावर थांबू नये. पहिले प्रकरण वार्षिक अहवाल वाचण्याचे आहे. ते वाचताना आपल्याच बँकेचा गेल्या वर्षीचा आणि त्याआधीच्या वर्षीचा अहवाल शेजारी उघडून ठेवावा. घरात नसेल तर शाखेत मागावा. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते आणि प्रश्न लेखी, आगाऊ द्यावे लागतात. त्या प्रश्नांचा एक नमुना प्रकरणाच्या शेवटी छापला आहे. त्यात बँकेचे नाव आणि तारीख भरण्यासाठी जागा मोकळी सोडली आहे.